ठेंगणी चौकट

"ओ पावणं, झोपाळ्यावर बसायचं न्हाय! किती येळा सांगू?"

बायडाबाईचा आवाज पार बागेच्या टोकाला गेला. झोपाळ्यावर फोटो काढणारी कॉलेजची पोरं गडबडीनं उठली. आज नातवाच्या सोयरिकीसाठी जयसिंगपूरचे पावणे घर बघायला आलेले, अन् ह्या भटक्यांची जत्रा काही हटत नव्हती. गर्दी टाळायला म्हणून पावण्यांना मागच्या फाटकानं आणलं, तर इथंही तेच.

"जुनं घर म्हणून लोकं बघाय येत्यात," ती पावण्यांकडं वळली. "नको म्हणावं तर कोल्हापूरभर बदनामी. सोसायचं, दुसरं काय!"

"लई मोठं मन तुमचं," मुलीचे वडील उदयसिंह म्हणाले. "घर कुणाकडनं घेतलं म्हणायचं?"

"घेतंय कोण? पणज्यापासनं आमचंच हाय की!"

नातू राजवीरनं मान खाली घालून खिशात हात कोंबला. ह्या पोराला तोंड म्हणून नाही. पोरगं गुणाचं, पण दोन ठिकाणचे पावणे घर बघून गेले अन् नंतर त्यांनी फोनच उचलला नाही. ही तिसरी सोयरीक बायडाबाई हातची जाऊ देणार नव्हती.

माजघरात शिरताना तिचंच कपाळ चौकटीवर फाडकन आपटलं.

"रोजचं मेलं! ह्या गर्दीत ध्यान ऱ्हातंय व्हय?"

मागोमाग उदयसिंह आपटले, मग त्यांची लेक निशिगंधा. शेवटी त्यांची म्हातारी चुलती आक्का आली. डोळ्यांनी अधू, कपाळभर कुंकू, आल्यापासून तोंडातून शब्द नाही. ती मात्र कुणी न सांगता वाकून आत गेली.

स्वयंपाकघराला आडवी दोरी बांधलेली.

"आत्ताच सारवलंय," बायडाबाई म्हणाली. चहा समोरच्या टपरीवरनं आला, कागदी कपातनं. "ह्या गर्दीत चूल कुठं पेटवायची, सांगा!"

उदयसिंहांनी चहा संपवला. निशिगंधानं राजवीरकडं बघून हळूच पदर सावरला.

"पोरगा पसंत हाय आमाला," उदयसिंह म्हणाले.

बायडाबाईनं लगबगीनं रिकामे कप गोळा केले. पण पावणे निघाले अन् आक्का माजघराच्या उंबऱ्यातच बसली. तिनं पदर पसरला.

"ओटी भरा, बायडाबाई."

"भरते की! पण आधी पोरीची…"

"पोरीची मागनं. लेक माहेरातनं रिकाम्या ओटीनं जात न्हाय." आक्कानं चौकटीवरनं हात फिरवला. "माझ्या वडलांनी, आबांनी, ह्ये घर लोकांना बघाय म्हणून संस्थेला दिऊन टाकलं, तवा मी परकरात हुते. तुमी पणज्यापासनं ऱ्हाताय, ते कुठल्या खोलीत?"