टाकीमागचं टोक

भडगावला गिरणेचं पाणी शाळेच्या पायरीला लागलं, तेव्हा अमृतनाना गच्चीवर वायरलेसच्या अँटेनाची वायर लावत होते. मोबाईल बंद होते. बचाव पथकाची बोट सात माणसं घेऊन पुलाकडे निघाली होती, आणि पूल खचला होता.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या भागाबाईला त्यांनी दुसरं टोक देऊन पाण्याच्या टाकीमागे पाठवलं.

"धुणं वाळत घालू का यावर, नाना?" ती हसत गेली.

नानांनी खाली मान घालून बॅटरी जोडली. मग ओरडले, "ओढा!"

वायर ताणली गेली. पाठोपाठ दोन हलके झटके आले.

जळगावच्या घरी त्यांची बायको ललिता गच्चीवरून असेच झटके द्यायची. 'धरलंय, तुमचं चालू द्या,' असा त्याचा अर्थ. तिला जाऊन वर्ष झालं होतं. नानांना उगाच बरं वाटलं.

वायरलेसवर बोटीचा आवाज लागला. नाना ओरडले, "बोट मागे फिरवा!"

"फिरवली, नाना!"

तेवढ्यात पाठीमागच्या जिन्यातून भागाबाई दोराचं वेटोळं घेऊन धापा टाकत वर आली. "टोक तठेच ठेयेल शे, नाना. दोर लेवाले मी खाले व्हतू. आते बांधू ना?"

म्हणजे टोक टाकीमागे नुसतंच ठेवलेलं होतं. नानांनी टाकीकडे पाहिलं. वायर जराशी सैल झाली आणि पुन्हा ताणली गेली, कुणी हात बदलावा तशी.