मिसेस स्ट्रॉमक्विस्टची सही

सोमवारी दुपारी साडेतीनला डेल्फीना ओचोआ मिसेस स्ट्रॉमक्विस्टच्या दाराशी पोचली, तेव्हा पायरीवर ग्रेडी हॉलनबेक आधीच बसला होता.

"तू इथं काय करतोयस?"

"तू जे करायला आलीस तेच," ग्रेडी म्हणाला. "फक्त मी वेळेवर आलो."

हायवेवरच्या गर्दीत डेल्फीनाचा सव्वा तास गेला होता. अंगावर बसड्रायव्हरचा गणवेश तसाच होता. ती बसली नाही. पायरीसमोर येरझाऱ्या घालत राहिली.

एल्क फोर्डच्या महापालिकेत एक जागा रिकामी होती आणि हे दोघे उमेदवार होते. शहरातली शंभरातली पंधरा घरं कामकरी माणसाला परवडावीत, असं महापालिकेचं उद्दिष्ट होतं. डेल्फीना म्हणत होती, पंचवीस करा. विम्याच्या पॉलिसी विकणारा ग्रेडी म्हणत होता, पंधराच जास्त झाली. 'एल्क फोर्ड भरलं' अशा त्याच्या पाट्या गावभर लागल्या होत्या. गुरुवारच्या जाहीर चर्चेत दोघं इतके भांडले, की वाचनालयाच्या बाईंनी माइकची वायर उपटली.

दोघांच्याही अर्जाला एक कागद जोडायचा राहिला होता. त्यावर शहरातल्या एका घरमालकाची सही हवी होती. त्याच दिवशी पाच वाजेपर्यंत तो कागद दिला नाही, तर मतपत्रिकेवरून नाव जाणार होतं. डेल्फीनानं चौदा दारं वाजवली होती. चौदाही घरांनी तिच्या विचारांचं तोंडभरून कौतुक केलं आणि दार लावून घेतलं.

"किती दारं फिरलास?" तिनं विचारलं.

"मला फिरावं लागत नाही."

"किती?"

"एकवीस," ग्रेडी म्हणाला.

दार उघडलं. मिसेस स्ट्रॉमक्विस्ट एक्याऐंशी वर्षांच्या होत्या आणि कुणालाही अहोजाहो करत नसत. "या दोघंही. बूट बाहेर. फोनवर सांगितलंय ना, सही एकालाच मिळेल."

टेबलावर कॉफीचे कप आणि भोपळ्याचा ब्रेड होता. त्यांनी तो कापला, पण कुणाला दिला नाही.

"आधी हे सांगा, रात्री किती वाजता झोपता?"

डेल्फीना म्हणाली, "साडेनऊला. पहिली बस पाचची असते."

"लोकसेवकाला झोप कसली," ग्रेडी म्हणाला. मिसेस स्ट्रॉमक्विस्टच्या भुवया चढल्या, तसा तो म्हणाला, "म्हणजे नऊला."

"मासे तळता?"

"शुक्रवारी," डेल्फीनानं कबूल केलं.

"मासे तळण्याबाबत माझी भूमिका खुली आहे," ग्रेडी म्हणाला. "सर्व बाजू ऐकून मगच निर्णय घेईन."

"शिट्टी वाजवतोस?"

"अजिबात नाही."

"वाजवतो," डेल्फीना म्हणाली. "आत्ता पायरीवर वाजवत होता."

"ती वैयक्तिक होती!"

भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचार झाले. इथून महापालिका वीस मिनिटांवर होती. डेल्फीनानं टेबलाखाली पाय हलवायला सुरुवात केली, तशी कपातली कॉफी थरथरू लागली.

"आता घरांचं बोलू," मिसेस स्ट्रॉमक्विस्ट म्हणाल्या. "ते पंचवीसचं प्रकरण मला पसंत नाही."

ग्रेडी एवढा खुलला, की त्यानं न विचारता ब्रेडचा तुकडा उचलला. "वा! मी पहिल्यापासून हेच सांगतोय, मॅडम. पंधरासुद्धा कशाला? दहा करू. पाच!"

"आणि तू गं?"

डेल्फीनाचा पाय थांबला. एक 'बरं' म्हटलं असतं तर काम झालं असतं. तिच्यापुढे सोळावं दार नव्हतं.

"मी पंचवीसच म्हणणार," ती म्हणाली. "माझ्या बसमधली अर्धी माणसं या शहरात कामाला येतात आणि अंधार पडायच्या आत शहराबाहेर जातात. तुम्ही सही नाही केलीत तर माझं नाव जाईल. जाऊ दे. पण आकडा तोच राहील."

"अगं, पण पंचवीस झाल्यावर माझ्याकडे कोण येईल?"

ग्रेडी ब्रेड चावत राहिला. मिसेस स्ट्रॉमक्विस्टनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग चष्मा लावला आणि हात पुढे केला.

"आणा ते कागद. दोन्ही."

"पण तुम्ही एकालाच म्हणाला होतात," ग्रेडी म्हणाला.

"सकाळी सुतार येऊन गेला, तेव्हा विचार बदलला. आणि आता पाहिलं, एक खोटं बोलतो, एक बोलत नाही. समोरासमोर असलेलं बरं."

त्यांनी दोन्ही कागदांवर सह्या केल्या, तारीख घातली आणि एकेक प्रत स्वतःकडे ठेवली.

"भाडेकरार वर्षाचा. तळघरात मधे फळ्यांची भिंत ठोकून घेतलीये. खिडकीची बाजू हिची, बॉयलरची तुझी. तुमचा हा एल्क फोर्डमधला पत्ता महापालिकेत दाखवा, म्हणजे उभं राहता येईल. सामान आजच आणा, पण जिन्यात आपटू नका. माळ्यावर महापौर राहतो, त्याची झोप फार हलकी आहे."