सोबतीचं बटण

चौथ्या दिवशी सकाळीही ते बटण डोरीनच्याच हातात होतं.

तिचा नवरा ओरेस्ट हॉस्पिटलच्या पलंगावर उठून बसला होता. डोक्याला पट्ट्यांचं मुंडासं, आणि त्यातून निघालेल्या तारांची जाड वेणी मागच्या यंत्रात गेलेली. फिटच्या गोळ्या बंद केलेल्या. आता फक्त झटक्याची वाट बघायची. तो आला की यंत्र मेंदूच्या लहरी टिपणार आणि भिंतीवरचा कॅमेरा चित्रण करणार. पण झटका येऊन गेला हे ओरेस्टला कधी कळतच नसे. म्हणून बटण सोबतीच्या माणसाकडे. काही वेगळं दिसलं की दाबायचं.

मेंदूचे सर्जन डॉक्टर फ्रीसेन पहिल्याच भेटीत म्हणाले होते, "पेशंटला विचारून उपयोग नसतो. त्याच्या लेखी तेवढा वेळ घडलेलाच नसतो. आम्ही घरच्या माणसाला विचारतो."

डोरीनने सगळं नीट सांगितलं होतं. गेली दोन वर्षं ओरेस्ट बोलता बोलता मधेच तुटतो. भोपळ्यांचं सांगत असतो आणि पुढचा शब्द एकदम बर्फ काढायच्या फावड्याचा. मधलं वाक्यच नाही. विचारलं तर म्हणतो, मी तर सरळ बोलत होतो. मग मेंदूचे फोटो काढले. त्यात उजव्या कानाच्या वरच्या बाजूला, आत, वाटाण्याएवढा डाग निघाला आणि सगळं जुळलं. एकतीस वर्षं शाळेची बस चालवणाऱ्या माणसाचं लायसन्स गेलं. तेव्हापासून गाडी डोरीन चालवायची. इथे विनिपेगच्या हॉस्पिटलात येतानाही चार तास तीच. एकदा उजवं चाक कडेच्या खडीवर गेलं, तेव्हा ओरेस्टने हात लांबवून स्टिअरिंग सरळ केलं. दमली असशील, एवढंच म्हणाला.

डोक्यावरच्या तारांना अजून काही सापडलं नव्हतं. खोलवरचा बिघाड वरपर्यंत पोचत नाही कधीकधी, असं डॉक्टरांचं म्हणणं. म्हणून सोमवारी कवटीला बारीक भोकं पाडून आत तारा सोडायच्या, आणि मग डागाभोवतीचा भाग कापून काढायचा. ओरेस्ट चर्चच्या गायनात खर्जात गात असे. त्याने विचारलं, सूर राहील ना? डॉक्टरांनी खोटा धीर दिला नाही. तो भाग सुराच्या जवळचा आहे, सांगता येत नाही, म्हणाले. ओरेस्टने कागदावर सही केली. डोरीन म्हणते म्हणजे आहेच ते, असं म्हणून.

डोरीनला भीती वाटायला हवी होती. वाटत नव्हती. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल असतो, तसं तिचं सगळं झालं होतं. आपलंच, पण कुणा दुसऱ्याचं.

नर्स मारिसेल नाश्ता घेऊन आली. ओरेस्ट तिला म्हणाला, "चार दिवस माझ्याकडे बघत बसायचं काम दिलंय बायकोला. लग्नानंतर पहिल्यांदाच. एरवी मी बोलत असतो आणि ही भिंतीकडे बघत असते."

"अठ्ठावीस वर्षं तेच तेच," डोरीन म्हणाली. "भिंत तरी कधीमधी रंगवतात."

मारिसेल हसली. डोरीनच्या हातात कॉफीचा कप देऊन ती गेली.

ओरेस्ट बहिणीबद्दल सांगू लागला. नताल्का रविवारी येणार, येताना पेरोगी, म्हणजे सारण भरून उकडलेल्या करंज्या, आणणार. पण तिच्या पेरोगीत सगळा बटाटाच. "तिला म्हटलं, नताल्का, कांदा जरा लाल होईपर्यंत कुत्रा त्यांचाच होता, यात शंका नको."

डोरीनने बटण दाबलं.

मारिसेल धावत आली. आज वार कोणता, ही बोटं किती, आत येताना मी सांगितलेला शब्द कोणता, असं तिने ओरेस्टला विचारलं. त्याने सगळं बरोबर सांगितलं. "काय झालं मला?" त्याने डोरीनला विचारलं. ती म्हणाली, तेच. मारिसेलने डोरीनच्या मांडीवर सांडलेली कॉफी पुसली, क्षणभर तिच्याकडे बघितलं आणि बाहेर गेली. डोरीनला वाटलं, सोमवारचं आता नक्की झालं.

दुपारी डॉक्टर फ्रीसेन लॅपटॉप घेऊन आले आणि खुर्ची ओढून बसले.

"सोमवारचं ऑपरेशन रद्द केलंय," ते म्हणाले.

मग त्यांनी हळूहळू सांगितलं. चार दिवसांत बटण नऊ वेळा दाबलं गेलं. नऊही वेळा ओरेस्टच्या मेंदूच्या लहरी अगदी स्वच्छ. डाग बहुधा जन्मापासूनचा असावा, त्याला हात लावायचं कारण नाही.

"म्हणजे मला काही नाही?" ओरेस्टने विचारलं.

"काही नाही."

"मी डोळ्यांनी बघितलंय," डोरीन म्हणाली. तिचा आवाज तिला पलीकडच्या खोलीतून आल्यासारखा वाटला. "मी उगाच नाही दाबलं."

"उगाच नाहीच. तुम्ही खरंच सांगत होतात." डॉक्टरांनी लॅपटॉप उघडला. "चूक आमची. आम्ही चार दिवस फक्त पलंगच बघत होतो. आज मारिसेलच्या सांगण्यावरून सगळं पुन्हा बघितलं. हे आज सकाळचं. नवऱ्याकडे नको, त्याच्या शेजारी बघा."

त्यांनी पडदा डोरीनकडे वळवला. पडद्यावर ओरेस्ट बोलत होता. कांदा लाल होईपर्यंत परतायचा, मग पेरोगी, मग नताल्काचे शेजारी, त्यांचं मोडकं कुंपण, तिच्या कोंबड्या, रात्रीतून आलेला कुत्रा. एक शब्दही गळला नव्हता. शेजारच्या खुर्चीतली बाई समोर बघत होती, पण डोळ्यांत कुणी नव्हतं. तोंडात काही नसताना ओठ चघळल्यासारखे हलत होते, कप तिरका होत चालला होता. ओरेस्टने बोलता बोलता तिला हाक मारली, तिने ओ दिली नाही, तो पुढे बोलत राहिला. पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळात एक मिनिट अकरा सेकंद गेले, तेव्हा कुठे त्या बाईची पापणी हलली आणि तिने बटण दाबलं.