शिंगाची मूठ

"ही मूठ काढा आन् प्लास्टिकची बसवा," भुजंग म्हणाला.

महालिंगआप्पा त्याच्याकडे बघतच राहिले. पाथरीच्या बाजारात विळे, खुरपी आणि चाकू विकण्यात त्यांचा उभा जन्म गेला होता, पण असलं गिऱ्हाईक पहिलंच. आत्ताच तर या बाबानं दुकानातला सगळ्यात भारी घडीचा चाकू घेतला होता. एडक्याच्या शिंगाची मूठ, तिला पितळी टोप्या, आणि आत ठोकून घडवलेलं पोलादी पातं. निम्मी किंमत त्या मुठीचीच होती.

"मग स्टेनलेसचा घे की, बाबा. चकाचक दिसतो, स्वस्तबी पडतो."

"त्याची धार टिकत न्हाई. पातं हेच पाहिजे. आन् खटकाबी हाच." भुजंगनं चाकू उघडला आणि पात्याच्या पाठीवर अंगठा देऊन दाबून पाहिलं. पातं जागचं हललं नाही. तेवढ्यावर गडी खूश झाला.

चाकू त्याच्या वडिलांसाठी होता. म्हातारा शेरडं राखायचा. शेरडांना बाभळीचा पाला तोडताना जुन्या चाकूचा ढिला खटका निसटला आणि पातं मिटलं ते बोटावरच. त्यात शुगर. जखम काही केल्या भरेना. पुन्हा तिथंच लागलं तर बोट काढावं लागेल, असं डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं. हे सांगता सांगता भुजंगनं पात्याची पाठ आणखी दोनदा दाबून पाहिली. म्हणजे पोराचा जीव बापात होता, त्यात शंका नको. मग मुठीचं हे काय खूळ?

आप्पांनी शिंगाची मूठ उतरवली आणि एका स्वस्तातल्या घडीच्या चाकूची लाल प्लास्टिकची मूठ घासूनपुसून बसवली. तरी भुजंगचं समाधान होईना.

"पातं लय चमकायलंय. जरा लिंबू चोळता का? पडू द्या काळं."

आता मात्र आप्पांचं डोकं चालेनासं झालं. पोलादाला लिंबू लावू नका, डाग पडतात, हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावून सांगत. आणि हा पैसे देऊन डाग पाडून घेत होता. पण गिऱ्हाइकाशी वाद कोण घालणार? चोळलं लिंबू.

"आन् ही शिंगाची मूठ?"

"राहू द्या तुमच्यापाशी. तिचे पैसे परत नको मला." पायरी उतरता उतरता तो वळला. "आमचं म्हातारं कधी इकडं आलं, रामकिशन नाव हाय, तर चाकू केवढ्याचा ते तेवढं सांगू नका."

आप्पांच्या मंडळी गौराबाई आतून सगळं ऐकत होत्या. "नजर लागू नये म्हणून असंल," त्या म्हणाल्या.

"चाकूला कसली नजर? बायकोच्या चोरून घेतला असंल."

दोघांनाही ते काही पटलं नाही. मूठ मात्र आप्पांनी कापडात बांधून जपून ठेवली.

थंडी पडली तसा एक म्हातारा दुकानाशी आला. बोटाला पट्टी, अंगात उसवलेलं स्वेटर, वहाणेचा अंगठा तारेनं बांधलेला. त्यानं खिशातून लाल मुठीचा चाकू काढला आणि आप्पांनी पातं लगेच ओळखलं.

"धार लावायची का, मामा?"

"धारीला काय धाड भरलीय? आनल्यापून रोज वापरायलोय. बोटबी भरत आलंय बघा." रामकिशननं हात पुढं केला. "पन ही मूठ बदलून द्या, आप्पा. लोक म्हनायलेत, पोरगं पुण्याला कंपनीत हाय आन् बापाला जत्रंतला चक्कू आनून दिला. मला कुनी काय बी म्हना. पोराला नाव ठेवलेलं सोसत न्हाई."

आप्पांची नजर त्या स्वेटरवर गेली, वहाणेच्या तारेवर गेली. भुजंगचा त्यांना मनापासून राग आला. कसलं सांगू नका अन् काय! त्यांनी कापड सोडलं, शिंगाची मूठ पुन्हा बसवली, राखेनं पात्याचे डाग घालवले, पितळ उजळलं.

"मामा, ही मूठ ह्याच चाकूची हाय. तुमच्या पोरानंच पैसे भरलेत. एवढा भारी चाकू अख्ख्या पाथरीत कुनाकडं न्हाई." आणि त्यांनी किंमतही सांगून टाकली.

रामकिशनच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "माझ्या भुजंगानं? एवढ्याचा?" त्यानं मूठ गालाला लावली. गौराबाईंनी चहा आणून दिला. आपल्या हातून आज काहीतरी चांगलं घडलं, असं आप्पांना फार दिवसांनी वाटलं.

चहा झाल्यावर म्हाताऱ्यानं चाकू पुसला, मिटला, रुमालात गुंडाळून गाठ मारली. मग वर आणखी एक गाठ मारली.

"आता पेटीत ठेवतो," तो म्हणाला. "दिवाळीला आनलेलं स्वेटर हाय तिथं, बूट हायेत, बॅटरी हाय. समदं कोरं करकरीत. पोरानं एवढं भारीतलं आनायचं आन् आपुन वापरून खराब करायचं का?"

दुसऱ्या खिशातून त्यानं एक जुनाट चाकू काढला आणि उघडून फळीवर ठेवला. खटका ढिला होता. ठेवता ठेवताच पातं आपणहून मिटलं.

"ह्याला तेवढी धार लावून द्या, आप्पा. रोजच्याला."