तीन चांगल्या गोष्टी

“तीन चांगल्या गोष्टी,” मेघा म्हणाली. “या आठवड्यातल्या. कितीही बारीक चालतील.”

समोर बसलेल्या गोकुळनं खिडकीकडं पाहिलं, पंख्याकडं पाहिलं, शेवटी स्वतःच्या चपलांकडं पाहिलं. “काय नाय, मॅडम.”

हे असं दिवाळीपासून चाललं होतं. पोरगं देवगाव रंगारीचं, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, तीन विषयांत नापास. होस्टेलात कुणाशी बोलणं नाही, मेसमध्ये ताट घेऊन भिंतीकडं तोंड. घरी वडील सांडूभाऊ दम्यानं खाटेला खिळलेले. आई आवडाबाई गावात कटलरीचं दुकान चालवते. टिकल्या, कंगवे, बांगड्या. एवढं मेघानं ओढून ओढून काढलं होतं.

मेघा कॉलेजची समुपदेशक. सकारात्मक मानसशास्त्र शिकून आलेली. वाढली बंगळुरात, मराठी यायची ती घरातली, जेवायला वाढण्यापुरती. प्राचार्यांनी तिला एक खोली दिली होती, दारावर ‘आनंद कक्ष’ अशी पाटी. पण आनंदाला येतंय कोण? पोरं पाटी वाचून हसायची अन् कॅन्टीनला जायची. एक गोकुळ तेवढा यायचा, तोही वर्गशिक्षकांनी पिटाळलं म्हणून. “हा एक पोरगा तरी उभा करून दाखवा,” प्राचार्य म्हणाले होते, “नाहीतर पाटी उतरवू.”

म्हणजे बघा, पोराला उभं करायचं, अन् बाईची खुर्चीच त्याच्या जिवावर उभी! पण खुर्चीचं तिला एवढं नव्हतं. या शहरात तिला नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं. रविवार अंगावर यायचा. शुक्रवारी दारात गोकुळच्या चपला वाजल्या की तिला बरं वाटायचं, एवढंच.

“एक नियम करू,” ती म्हणाली. “या खोलीत वाईट शब्द आणायचा नाही. काहीही झालेलं असो, चांगल्या शब्दांत सांगायचं. जमेल?”

“आमच्याकडं तसंच बोलत्यात, मॅडम,” गोकुळ म्हणाला. येतो म्हणून गेला, तो पुढचे दोन शुक्रवार फिरकलाच नाही.

मेघा फोन लावत राहिली. फोन लागेना. गेलं पोर शिक्षण सोडून, तिला वाटलं. संध्याकाळी सगळे गेल्यावरही ती खोलीत बसून राहायची, दार उघडं टाकून.

तिसऱ्या शुक्रवारी चपला वाजल्या. गोकुळच. डोक्याला क्रिकेटची टोपी, कानापर्यंत ओढलेली.

“कुठं होतास रे? किती घाबरले मी!”

“घरी कार्य व्हतं.”

“अरे वा! मग आज तर तीन गोष्टी हव्यातच.”

अन् काय नवल, गोकुळला तोंड फुटलं! “पाव्हणे लई आले. आमचा चुलता कैक वर्सं बोलत नव्हता, त्योबी आला. वडलांच्या पायावर डोकं ठेवलं त्यानं.”

“किती छान! दुसरी?”

“वडलान्ला आता दम लागत नाय.”

“बघ! आणि तिसरी?”

“आयनं दुकान वाढवलं.”

“काय सांगतोस! काय काय वाढवलं?”

गोकुळनं तिच्याकडं पाहिलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, सरळ डोळ्यांत. “बांगड्या वाढवल्या, मॅडम.”

मेघानं टाळ्या वाजवल्या. एकटीनंच, पण जोरात. “आईला सांग, मला डझनभर हिरव्या बांगड्या हव्यात. तिनंच निवडायच्या.”

गोकुळ टोपी आणखी खाली ओढत म्हणाला, “आनतो. लई पडल्यात घरात.”

त्यानंतर पोरगं झपाटल्यागत अभ्यासाला लागलं. फेरपरीक्षेत तिन्ही विषय सुटले. प्राचार्यांनी स्वतः येऊन मेघाचं अभिनंदन केलं. “पाटी राहू द्या,” म्हणाले.

निकालाच्या दिवशी गोकुळनं टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडी ठेवली. “आय म्हनली, मॅडमनं घालाव्यात. कुनीतरी घालाया पायजेत.”

मेघानं तिथंच सगळ्या हातात चढवल्या. “पण एकदम तीन विषय? कसं जमवलंस?”

“आता जमवावंच लागतंय.” तो दारापर्यंत गेला, वळला. “मॅडम, तुमी लई चांगल्या हायत. पर...”

“पर काय?”

“काय नाय. हितं वाईट बोलायचं नाय.” अन् टोपी सारखी करून गेला.

तिला एकदम पोरकं वाटलं. का, ते कळेना. आता पास झाला, आता कशाला येईल शुक्रवारी? पण आजचा दिवस रडायचा थोडाच होता! आज कुणाला तरी सांगायलाच हवं होतं, अन् सांगायला होत्या फक्त घरमालकीण सत्यशीलाकाकू.

पडेगावच्या खोलीवर पोचल्या पोचल्या तिनं काकूंना हाक मारली. काकू ओसरीत गवार मोडत बसल्या होत्या.

“काकू, हे बघा! माझ्या विद्यार्थ्याच्या आईनं पाठवल्या!” तिनं हौसेनं हात नाचवला. मनगट दाराच्या चौकटीवर आपटलं. हिरवी काच खाली सांडली.

“अरेरे, फुटली!”

काकू लगबगीनं उठल्या. तिच्या तोंडावर हात ठेवत म्हणाल्या, “असं अभद्र बोलू नाही, बाळा. बांगडी वाढली म्हणावं.”

“वाढली?” मेघाला हसू आलं. “फुटलेली बांगडी वाढते होय?”

“फुटली म्हणूच नाही. अगं, नवरा गेल्यावर बाईच्या हातातल्या बांगड्या फोडतात ना, तेव्हासुद्धा माणसं बांगड्या वाढवल्या असंच म्हणतात.”