लेखकाची माहिती

वॉशिंग मशीनचं माहितीपुस्तक मी वर्षभर खपून लिहिलं. फाइलमधल्या लेखकाच्या माहितीच्या रकान्यात माझं नाव आणि मोबाइल नंबर होता, छापखान्याला शंका आली तर विचारता यावं म्हणून. मालकांना दाखवायच्या आदल्या दिवशी साहेबांनी तिथे स्वतःचं नाव आणि नंबर टाकला. मीटिंगमध्ये मालकांनी माझ्याकडे बघितलं, तर साहेब म्हणाले, "ही होय? ही फक्त टायपिंग करते."

मग त्या फाइलचं पुस्तक कुठल्या टूलने करायचं, हे ठरवायची वेळ आली. साहेबांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

"दोन आहेत," मी म्हटलं. "एक लेखकाची माहिती गाळून टाकतं. दुसरं ती प्रत्येक पानाच्या तळाशी छापतं."

"मग विचारतेस काय? दुसरंच घे."

"सगळी माहिती, साहेब?"

"सगळी."

मशीन बाजारात गेलं. आता साहेब जेवायला बसले की कुणाच्या तरी मशीनमध्ये पाणी तुंबतं, जरा डोळा लागला की कुणाचं तरी झाकण अडकतं, आणि लोक पुस्तक उघडून थेट त्यांनाच फोन लावतात.

आज ते माझ्या टेबलापाशी आले. डोळे तारवटलेले, हातातला फोन वाजतोच आहे.

"पुढच्या छपाईत तुझं नाव घाल. पुस्तक तुझंच आहे."

मी स्क्रीनवरची नजर हलवली नाही.

"माझं कसं, साहेब? मी फक्त टायपिंग करते."