तपासलेलं इंग्रजी

शेअर बाजार शिकायला उस्मानपुऱ्यातले केशव सर एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये शिरले. सर इंग्रजीचे निवृत्त शिक्षक.

“ज्याला ‘अफेक्ट’ आणि ‘इफेक्ट’ यांतला फरक कळत नाही, त्याच्या हाती पैसे देऊ?” ग्रुपच्या गुरूला ते हसले. रुपयाही गुंतवला नाही. हाताची सवय मात्र जाईना. गुरूचा प्रत्येक मेसेज दुरुस्त करून ते त्यालाच पाठवायचे. “थँक्यू सर, आता हाच सगळ्या ग्रुपांवर टाकतो,” तो लिहायचा.

दिवाळीनंतर गुरू गायब झाला. मुकुंदवाडीची विधवा बहीण कालिंदी रडत आली. नवऱ्याचा सगळा फंड तिनं त्याच्याकडं गुंतवला होता.

“मला विचारायचं तरी!”

 

“काय विचारायचं, दादा? तूच म्हणायचास, आधी इंग्रजी बघ. त्याची एकही चूक सापडली नाही रे.”